सेल्फची टकटक

किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, पण इंजिन फिरलेच नाही. बॉनेटखालून नुसता 'टक्' असा आवाज आला, तर ती गाडी मुकी नाही. अगदी मुकी गाडी, म्हणजे किल्ली फिरवूनही जिच्यातून काहीच उमटत नाही ती, तपासायला जास्त अवघड. तिच्यातला बिघाड किल्लीपासून बॅटरीपर्यंत कुठेही दडलेला असू शकतो. टक् वाजली की निम्मा रस्ता तपासल्यातच जमा. किल्लीचे स्विच, फ्यूज, रिले, क्लचच्या पायाशी बसवलेले सुरक्षा-स्विच आणि तिथून खाली गेलेली बारीक वायर या सगळ्यांनी निरोप पोचवला आहे. निरोप मिळूनही ज्याने उठायचे तो का उठला नाही, एवढेच शोधायचे उरते.

उठायचे असते ते स्टार्टर मोटरने. पिंपरी-चिंचवडच्या गॅरेजांत तिला त्या नावाने फारसे कोणी ओळखत नाही, तो 'सेल्फ'. 'सेल्फ स्टार्टर'मधला दुसरा शब्द केव्हाच गळून पडला आणि पहिल्याला मराठी क्रियापदे चिकटली. सेल्फ मारतात, सेल्फ लागत नाही, सेल्फ अडकतो, सेल्फ उचलत नाही. यातले 'उचलत नाही' सर्वांत नेमके, कारण काम खरोखरच ओझे उचलण्याचे आहे. थंड तेलाने जड झालेले इंजिन मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्यांच्या वेगाने फिरवायचे आणि ते स्वतःच्या दमाने चालू लागले की बाजूला व्हायचे.

पूर्वी हे ओझे माणसाच्या दंडावर होते. पुढच्या बंपरमधल्या भोकातून लोखंडी हँडल घालून अॅम्बॅसेडर चालू करणाऱ्यांना पहिला धडा अंगठ्याचा मिळे: हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर वेढलेला अंगठा मोडतो. या हँडलला विजेचा पर्याय दिला तो चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने; १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो बसून आला. केटरिंगने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याची मोटर क्षणभरच फिरते, त्यामुळे ती लहान असली तरी तेवढ्या वेळापुरता तिच्यावर आवाक्याबाहेरचा भार टाकता येतो, ही खूबी त्याला तिथे सापडली होती. आजचा सेल्फही याच हिशेबावर जगतो. काही सेकंद जिवाच्या आकांताने फिरायचे आणि मग दिवसभर पडून राहायचे. म्हणूनच किल्ली सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावा. कामाला उशीर झालेला माणूस नेमके उलटे करतो.

टक् हा आवाज मोटरचा नसतोच. तो तिच्या पाठीवर बसलेल्या, हातात मावेल एवढ्या डब्याचा, सोलेनॉइडचा असतो. त्याच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि मधोमध सरकणारा लोखंडी दांडा. एक वेटोळे दांडा ओढते, दुसरे त्याला धरून ठेवते. दांडा सरकला की त्याच्या एका टोकाकडून सेल्फचे लहान दातेरी चाक पुढे ढकलले जाऊन इंजिनाच्या मोठ्या दातेरी कड्यात बसते आणि दुसऱ्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर आपटून बॅटरीचा सगळा प्रवाह मोटरमध्ये सोडते. चकती आपटते त्या क्षणाचा आवाज म्हणजे टक्. चालू होणाऱ्या गाडीतही तो रोज होतो, फक्त इंजिनाच्या घरघरीत बुडून जातो. गाडी अडते तेव्हा तो एकटा ऐकू येतो आणि मनात शंकेची पाल चुकचुकते.

आता कान लावायचा तो टक् एकदाच होते की पुन्हा पुन्हा याकडे. 'टक्-टक्-टक्-टक्' अशी झपाझप टकटक ऐकू आली तर संशय बॅटरीवर, आणि त्याचे कारण त्या दोन वेटोळ्यांत आहे. चकती बोल्टांना टेकताच ओढणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखाच विजेचा दाब मिळतो, त्यातला प्रवाह थांबतो आणि दांड्याचा सगळा भार धरून ठेवणाऱ्या एकट्या वेटोळ्यावर येतो. त्याच क्षणी मोटर शंभर-दीडशे अँपिअर मागू लागते. बॅटरी उतरलेली असेल तर या मागणीने तिचा दाब कोसळतो, वेटोळ्याची पकड सुटते, स्प्रिंग दांड्याला मागे ओढते आणि चकती उचलली जाते. मागणी थांबली की दाब पुन्हा चढतो, दांडा पुन्हा ओढला जातो, पुन्हा टक्. सेकंदात कित्येकदा हा उठाबशांचा खेळ चालतो. क्वचित बॅटरी ठणठणीत असून धरून ठेवणारे वेटोळेच तुटलेले असते आणि तेव्हाही अशीच टकटक होते. पण तो शंभरातला एखादा प्रकार, त्याचा विचार शेवटी करावा.

एकच जाड टक् होऊन सगळे थांबले तर दांडा सरकला आणि टिकलाही. म्हणजे बॅटरीत निदान तेवढा जीव आहे. मग एक तर चकती आणि बोल्टांच्या जळलेल्या तोंडांमधून प्रवाह जात नाही, नाही तर तो जाऊनही मोटर फिरत नाही, नाही तर मोटर फिरू पाहते पण समोरचे इंजिनच अडलेले आहे. तिसराही एक बारीक आवाज असतो, नखाने टिचकी मारल्यासारखा, आणि तो पुष्कळ गाड्यांत बॉनेटखालून न येता स्टिअरिंगजवळच्या फ्यूजच्या पेटीतून येतो. तो रिलेचा. रिले वाजला आणि खाली सोलेनॉइड गप्प राहिला तर तपास या दोघांमधल्या वायरीत. यासाठी एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून उभे राहावे. एकट्या माणसाला गाडीत बसून हे दोन आवाज वेगळे करता येत नाहीत.

कानानंतर डोळे. हेडलाइट लावून गाडी भिंतीसमोर असताना किल्ली फिरवावी. भिंतीवरचा उजेड मेणबत्तीसारखा मिणमिणला तर प्रवाह मागितला जातोय पण पुरवठा तोकडा पडतोय: बॅटरी उतरली, किंवा मोटर अडकून बसल्यामुळे वाजवीपेक्षा जास्त ओढते आहे. उजेड जराही हलला नाही आणि टक् मात्र झाली, तर मोटरपर्यंत प्रवाह पोचलाच नाही. चकती, बोल्ट, मोटरमधले कोळशाचे ब्रश म्हणजे कार्बन, किंवा जाड केबल. एवढ्या एका पाहणीने तपासाची दिशा ठरते आणि तिला खर्च शून्य. तरीही ती फार कमी लोक करतात. 'दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी चांगली' हा समज इतका पक्का आहे की पुढे कोणी पाहत नाही.

या समजाचे गणित एकदा मांडून पाहण्याजोगे आहे. हेडलाइटचा एक दिवा साडेचार अँपिअर घेतो. बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढून तिथे दोन शतांश ओहम एवढाच अडथळा तयार झाला, तर त्या दिव्याच्या वाटेत एक दशांश व्होल्टसुद्धा गळत नाही. डोळ्याला फरक कळणार नाही. सेल्फ मात्र दीडशे अँपिअर मागतो. त्याच अडथळ्यावर त्याचे तीन व्होल्ट जागच्या जागी जळतात. चिंचोळ्या बोळातून एक सायकल आरामात जाते, वरात अडते, तसेच हे. म्हणून टर्मिनल आधी, बॅटरी नंतर. पांढरा किंवा हिरवट-निळा फुलोरा दिसला तर पहिला हात तिथेच घालावा. फुलोरा नसला तरी टर्मिनल हाताने पिळून पाहावे. ते हातानेच फिरले तर बिघाड सापडला. बऱ्याच गाड्यांना तिथे दहाचा पाना लागतो. काढताना आधी काळे, लावताना शेवटी काळे, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी गंज विरघळतो, पॉलिश पेपरने शिसे उजळ होते, वरून पेट्रोलियम जेलीचा हात. हे सगळे दहा मिनिटांत होते आणि त्यात नव्या बॅटरीची पावती वाचते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये ही पावती सहज फाटते, आणि त्यात थोडी गंमतही आहे. १९६६मध्ये टेल्को पिंपरीत आली. कंपनीचे नाव २००३मध्ये बदलले तरी रस्ता अजून टेल्को रोडच आहे. १९९९मध्ये बजाजने आणि २००९मध्ये फोक्सवॅगनने चाकणला कारखाने काढले. चिंचवडला एक्साइडचा बॅटरीचा कारखाना आहे. गाडी आणि तिचे पुष्कळ भाग पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत बनतात, आणि कारखान्यात एखाद्या भागात दोष निघाला की 'व्हाय-व्हाय'चा कागद भरल्याशिवाय सुटका नसते: का झाले, त्याचे कारण का झाले, असे पाच वेळा विचारायचे. तोच कागद आठ तास भरणारा माणूस तिसरी पाळी संपवून पार्किंगमध्ये येतो, किल्ली फिरवतो, टक् ऐकतो आणि पहिल्याच 'का'ला उत्तर देऊन मोकळा होतो: बॅटरी गेली. स्वतःच्या गाडीला कोणी पाच प्रश्न विचारत नाही. पाळीची बस चुकलेली असते, घरी पोरांच्या शाळेची वेळ झालेली असते, हेही खरेच.

दुसरा 'का' विचारायला मल्टिमीटर लागतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकी जेमतेम २.१ व्होल्ट. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९च्या खाली म्हणजे रिकामी. नुकतीच पळून आलेली गाडी खोटा चढा आकडा दाखवते. अशा वेळी हेडलाइट दोन मिनिटे लावून, मग बंद करून मोजावे. चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकला तर एक कप्पा मेलेला आहे आणि तिथे चार्जिंगचे पैसे वाया. बंद बॅटऱ्यांच्या झाकणावरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नये. तो सहा कप्प्यांपैकी एकाच कप्प्यात डोकावतो. खरी परीक्षा मात्र भाराखाली. किल्ली फिरवताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी संशयित. दहा-साडेदहावर टिकला आणि सेल्फ तरीही उचलत नसेल, तर बॅटरीला सोडून खाली उतरावे.

रस्त्यावर मीटर नसतो, दुसरी गाडी असते. जम्पर केबल लावून गाडी पटकन चालू झाली तर तेही एक निदानच. आधी लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा चिमटा बिघडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडतेच, आणि उतरलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो, म्हणून तो तिच्यापासून दूर. धक्का मारूनही काम होते, पण फक्त हाताच्या गिअरच्या गाडीत: किल्ली चालू, दुसरा गिअर, गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर धक्क्याचा उपयोग नाही, कारण पेट्रोलच्या पंपाला आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही वीज लागते. जुने मिस्त्री चालू इंजिनावर टर्मिनल उचलून चार्जिंग तपासायचे. आजच्या गाड्यांत ही हातचलाखी कॉम्प्युटरच्या जिवावर बेतते. चालू इंजिनावर मीटर १३.८ ते १४.५ दाखवत असेल तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर कामावर आहे. आकडा बारापाशीच रेंगाळत असेल तर आज बदललेली नवी बॅटरीही आठवड्याभरात टकटक करणार.

बॅटरी का उतरली, हा तिसरा 'का'. या पट्ट्यात त्याचे उत्तर पुष्कळदा रस्त्यावर सापडते. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करत चाकणच्या चौकांपर्यंत जाणारी गाडी किती वेळ पळते आणि किती वेळ नुसती धुगधुगते, हे तिथे रोज जाणाऱ्याला सांगायला नको. इंजिन रिकामे फिरताना अल्टरनेटर आपल्या ताकदीच्या निम्मेही देत नाही. त्यात एसी, ब्लोअर, हेडलाइट, पावसाळ्यात वायपर आणि सतत फिरणारा रेडिएटरचा पंखा. जमा आणि खर्च जेमतेम बरोबरीत येतात, बॅटरीच्या खात्यात काही पडत नाही. उलट उभ्या गाडीचाही खर्च चालूच असतो: घड्याळ, अलार्म, कुलपाचा रिसीव्हर मिळून तीस मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला पाऊण अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. साडेतीन आठवड्यांत निम्मी रिकामी. २०२०च्या टाळेबंदीनंतर सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ओळीने गाड्या टकटकत होत्या किंवा तेवढेही करत नव्हत्या, त्याचे गणित एवढेच. गाडीत डॅशकॅम किंवा जास्तीचे दिवे कोणी बाहेरून बसवून घेतले असतील तर हा हिशेब आणखी लवकर पुरा होतो.

थंडीला मात्र विनाकारण बोल लागतो. डिसेंबरच्या पहाटे गाडी अडली की दोष गारठ्यावर जातो. बॅटरीचे खरे नुकसान एप्रिल-मेमध्ये, उघड्या पार्किंगमधल्या पत्र्याखाली, भाजून निघताना झालेले असते. उन्हात आतल्या जाळ्या गंजतात, पाणी उडते. थंडीत तेल दाटते, सेल्फला जास्त जोर लागतो आणि झिजलेली बॅटरी उघडी पडते. आपल्याकडे तिचे आयुष्य तीन ते पाच वर्षे धरतात.

बॅटरी आणि टर्मिनल निर्दोष सुटले की सेल्फची पाळी. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, कोणी किल्ली फिरवत असताना, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती नसावी. इंजिनापासून ऋण टोकापर्यंत ती आणखी कमी हवी. दुसरी गळती जास्त भरली तर दोष अर्थिंगच्या पट्टीत. इंजिन रबरावर टेकलेले असते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध त्या विणलेल्या पट्टीपुरताच. चार पावसाळ्यांत ती आतून हिरवी होते आणि बाहेरून धड दिसते. अशा गाडीत तीन-तीन बॅटऱ्या बदलल्या जातात.

सेल्फ खाली काढला की तो ऑटो इलेक्ट्रिशियनच्या बाकावर जातो. हे बाक पाहण्यासारखे असते: काळ्या ग्रीसचा थर, टेस्ट लॅम्पच्या दोन वायरी, पाटीत मावतील एवढे जुने कार्बन. मोटर उघडली की आतून कोळशाची बारीक भुकटी पडते. झिजून बोराएवढा उरलेला कार्बन आर्मेचरला नीट टेकत नाही, आणि म्हणूनच पान्याच्या दांड्याने सेल्फला ठोकले की काही वेळा गाडी चालू होते. धक्क्याने कार्बन क्षणभर जागेवर बसतो. ट्रकवाल्यांची ही युक्ती खरी आहे, पण ती दोन-तीनदाच साथ देते. चकती आणि बोल्टांची जळून काळी पडलेली तोंडे इथेच दिसतात. नवा सेल्फ घ्यायची गरज क्वचित पडते; कार्बन, बुश आणि सोलेनॉइड बदलून जुनाच बरीच वर्षे चालतो, फक्त मालकाने दुकानात थांबायची तयारी ठेवावी लागते.

शेवटचा संशयित खुद्द इंजिन. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून काढताना गाडी बंद पडली आणि नंतर एक टक् होऊन थांबू लागली, तर किल्लीला हातही लावू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो. साध्या अडकण्याची परीक्षा सोपी: किल्ली काढून, सगळ्यात वरच्या गिअरमध्ये गाडी पुढे-मागे ढकलायची. गचके देत सरकली तर इंजिन फिरते आहे. चाके बांधल्यासारखी राहिली तर टो व्हॅनच बोलवावी. उंदरांनी वायरी कुरतडल्याची शंका पुण्याकडे लगेच घेतली जाते आणि बॉनेटखाली तंबाखूची पुडीही टांगली जाते, पण कुरतडलेली गाडी बहुधा मुकीच असते.

चाकण आणि आकुर्डीत आता विजेच्या गाड्याही बनतात. विजेच्या मोटारगाडीला सेल्फ नाही, त्याचे ते लहान दातेरी चाकही नाही, पण बारा व्होल्टची लहान बॅटरी बहुतेकींत आहे. मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे कॉन्टॅक्टर तिच्याच जोरावर मिटतात, म्हणून ती उतरली तर भरलेल्या गाडीलाही जाग येत नाही. तिथे बटण दाबल्यावर पायाखालून टक् असा आवाज येतो, समोर 'रेडी' उमटते आणि गाडी निघते. काळजी वाटावी ती ही टक् ऐकू आली नाही तर.